फुटबॉल की स्काऊट? मुलाला कशात घालायचं ठरवताय, तर

मेहुण्याचा पोरगा यंदा दहाचा झाला. 'भावोजी, त्याला फुटबॉलच्या कोचिंगला घालू की शाळेतल्या स्काऊटमध्ये?' असं तो विचारतोय. आमच्या थोरल्याने दोन्ही करून पाहिलंय, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

गोव्यात फुटबॉलला नाही म्हणणं अवघड. भातकापणी झाली की शेतात दोन काठ्या रोवून गोल तयार होतो. चर्चजवळच्या वाड्यावरची आणि देवळाजवळची पोरं एकाच बाजूने खेळतात, त्यासाठी कुणाला भाषण द्यावं लागत नाही. हरणं पचवायला मैदानाइतकं लवकर दुसरं काही शिकवत नाही, हेही मान्य. आमच्या मुलाचा दम दोन महिन्यांत वाढला, रात्री मोबाईल न मागता झोपू लागला.

पण जर्सीचं काय झालं ते सांगतो. जुलैतले सामने, मैदानावर तांबडा चिखल. बाकीच्या पोरांच्या आया रविवारी जर्सी घासून दमायच्या. आमची जर्सी नुसती घामट. तिसऱ्या रविवारी बायको म्हणाली, 'ही धुवायची तरी कशाला?' तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की पोरगा शेवटची पाच मिनिटं सोडली तर बाकावरच असतो. तो बोलताना अडखळतो. 'मला दे' ही हाक तोंडातून निघेपर्यंत चेंडू दुसऱ्याकडे गेलेला असतो. प्रशिक्षक वाईट नव्हते. त्यांना सामना जिंकायचा होता, आणि राखीव खेळाडू ठेवायची सोय खेळातच आहे.

स्काऊटमध्ये ती सोय नाही, फरक पडतो तो इथेच. पथकात सहा ते आठ जणांचा संघ असतो आणि कामं त्यातच वाटली जातात. तंबूची एक दोरी नीट बांधली नाही तर तंबू सगळ्यांच्याच अंगावर येतो. त्यामुळे कच्च्या पोराला बाजूला बसवण्यापेक्षा त्याला गाठ शिकवणं संघनायकाला परवडतं. स्काऊट सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा श्रीमंत शाळांतली आणि कामकऱ्यांच्या घरची मुलं मुद्दाम एकाच संघात मिसळली होती. म्हणजे ही रचना सुरुवातीपासूनचीच.

आमच्या मुलाकडे पहिल्याच शिबिरात कोठी आली. उकडे तांदूळ शिजायला किती वेळ लागतो याचा त्याला अंदाज नव्हता. पेज दहाऐवजी साडेअकराला मिळाली आणि सगळ्यांनी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. घरी आला तो खुशीत. शिट्टीचे आणि हाताचे इशारे त्याला पटकन जमले. आणि संघाची आरोळी सगळ्यांनी मिळून द्यायची असते, त्यात तो अडखळत नाही. हे मी कुठे मोजलेलं नाही, कानांनी ऐकलंय.

स्काऊटचं सगळंच गोड आहे असं नाही. सगळा भार एका शिक्षकावर असतो. त्याची बदली झाली की पथक 15 ऑगस्टच्या संचलनापुरतं उरतं. काही पालकांची नजर प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान या पायऱ्या चढत थेट राज्य पुरस्काराच्या प्रमाणपत्रावर असते आणि पोरं स्काऊट नियमाची नऊ कलमं पोपटासारखी म्हणतात. व्यायामाच्या बाबतीत तर फुटबॉलशी बरोबरीच नाही.

मेहुण्याला मी दोन प्रश्न विचारायला सांगितले. कोचना विचार, गेल्या सामन्यात तुमच्याकडचा सगळ्यात कच्चा पोर किती मिनिटं खेळला? उत्तर पटकन आणि खरं आलं तर खुशाल घाल, असेही कोच आहेत. स्काऊटच्या सरांना विचार, मागच्या शिबिरात स्वयंपाक कुणी केला? 'केटररने' म्हणाले तर तिथून निघ. त्याचा पोरगा धीट आहे, धावतोही बरा, त्याला कदाचित मैदानच मानवेल. माझं विचाराल तर मी पुन्हा पथकातच घातलं असतं.

आमचा आता शनिवारी पथकात जातो. बाकी दिवस संध्याकाळी शेतात चेंडू खेळतो, जर्सी नाही, माझा जुना बनियन घालून. त्याचे तांबडे डाग काही केल्या निघत नाहीत.