‘शंका’ म्हणजे डाउट की सस्पेक्ट? ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी

‘आय डाउट ही इज इल’ हे वाक्य आपल्याकडे ‘तो आजारी असावा, अशी शंका येते’ या अर्थाने सर्रास लिहिलं जातं. इंग्रज माणसाला त्यातून नेमकं उलट कळतं: तो आजारी असेल असं वाटत नाही. आपल्याला म्हणायचं असतं ‘सस्पेक्ट’. मराठीत दोन्हीकडे ‘शंका’च येते, त्यामुळे नुसता मराठी प्रतिशब्द पाहून ही चूक सुटत नाही. अशा गाठी सोडवायला हा कोश उत्तम आहे.

ए. एस. हॉर्नबी या इंग्रजीच्या शिक्षकाने जपानमध्ये शिकवताना, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीच तो रचला. मूळ कोश 1942मध्ये जपानात निघाला; ऑक्सफर्डची पहिली आवृत्ती 1948ची, दहावी 2020ची. व्याख्या सुमारे 3000 सोप्या शब्दांत बसवल्या आहेत, म्हणून एक अर्थ बघताना आणखी चार शब्द शोधावे लागत नाहीत.

सर्वांत मोलाच्या आहेत त्या व्याख्येआधीच्या छोट्या खुणा. ‘स्लिम’पुढे पसंतीची खूण, ‘स्किनी’पुढे नापसंतीची. म्हणजे एक सडपातळ, दुसरा लुकडा! ही खूण न वाचता पुढे गेलात, तर कौतुक करायला जाऊन समोरच्याला दुखवाल.

‘विच वर्ड’ या चौकटीही नेमक्या आहेत. आपण दोन्हींना ‘ऐतिहासिक’ म्हणतो, पण इतिहासात महत्त्वाचा ठरलेला दिवस ‘हिस्टॉरिक’ आणि इतिहासावरची कादंबरी ‘हिस्टॉरिकल’.

वापरताना दोन्ही शब्दांच्या नोंदी शेजारी-शेजारी उघडा आणि क्रियापदामागून काय येतं ते आधी पाहा. ‘लेंड’नंतर घेणारा माणूस येतो, ‘बॉरो’नंतर वस्तू आणि मग ‘फ्रॉम’. उसनं कोण देतंय आणि कोण घेतंय, हे तिथेच स्पष्ट होतं. उदाहरणवाक्यं गाळू नका. निम्मा अर्थ त्यांतच असतो.

उणीव मात्र मोठी आहे: मराठीतून आत शिरायला दार नाही. ‘सावली’साठी ‘शेड’ आणि ‘शॅडो’ असे दोन शब्द आहेत, हे आधीच ठाऊक असावं लागतं. झाडाखाली बसतो ती शेड, भिंतीवर आपली आकृती पडते ती शॅडो. म्हणून शेजारी मराठी-इंग्रजी कोश हवाच. उमेदवार शब्द त्यातून काढायचे, निवड इथे करायची.

छापील प्रत जाडजूड आहे. रोजच्या कामाला मोफत संकेतस्थळ पुरतं. जाहिराती सोसाव्या लागतात, पण ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही उच्चार ऐकायला मिळतात.