सिनेस्टिल ८००टी : गोव्यातल्या गल्ल्या, रात्रीचे दिवे आणि एक महागडा रोल

आधी निकाल सांगून टाकतो, कारण बरेच जण सिनेस्टिल ८००टी हा फिल्म कॅमेऱ्याचा रंगीत रोल कार्टमध्ये टाकून पेमेंट करायच्या आधी रिव्ह्यू शोधत फिरत असतात. घ्या. पण नुसत्या रस्त्यावरच्या दिव्यांसाठी घेणार असाल तर निम्मे पैसे वाया, कारण या रोलची खरी मजा रस्त्यावरचा दिवा आणि घरातला बल्ब एकाच फ्रेममध्ये येतात तेव्हाच आहे, आणि आपल्याकडे गोव्यात ती फ्रेम दर दुसऱ्या वळणावर फुकट मिळते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा मुळात सिनेमाचा रोल, कोडॅकचा व्हिजन३ ५००टी, २००७ साली आलेला, रात्रीचे आणि इनडोअर सीन शूट करायला वापरतात तो. सिनेमाच्या रोलच्या पाठीवर रेमजेट म्हणून काळा कार्बनचा थर असायचा, तो साध्या कलर लॅबच्या सी-४१ केमिकलमध्ये गेला तर केमिकलची आणि मशीनची वाट लागते, म्हणून हे रोल ईसीएन-२ नावाच्या वेगळ्या प्रोसेसनं धुतात. सिनेस्टिल कंपनीवाले रोल त्या थराशिवायच विकतात, मग कुठलीही कलर लॅब तो रोल घेऊ शकते. पण तो थर तिथं उगाच नव्हता ना. फिल्ममधून आरपार गेलेला प्रकाश तो गिळून टाकायचा. आता गिळायला कोणी नाही, त्यामुळे खांबावरच्या दिव्याचा जोरदार प्रकाश मागच्या बाजूवरून उलटा फिरून परत फिल्मवर येतो आणि लाल रंग टिपणारा थर सगळ्यात खाली असल्यामुळे पहिला मार त्यालाच बसतो. म्हणून दिव्याभोवती ते लाल वलय. यालाच हॅलेशन म्हणतात आणि इन्स्टावरची निम्मी गर्दी त्याच्यासाठीच हा रोल घेते.

मला विचाराल तर वलयाचं कौतुक पहिल्या रोलपुरतं. नंतर प्रत्येक खांबावर तोच लाल डाग बघून कंटाळा येतो. दिवा फ्रेमच्या बाहेर ठेवा किंवा माडाच्या चुडतांमागे, पत्र्याच्या कडेमागे जाऊ द्या, उजेड येईल आणि डाग टळेल. नाताळातल्या लाल स्टारवर मात्र हा रोल अक्षरशः वितळतो, तिथं मी स्वतः काही आवरत नाही.

आता रंगाचं. हा रोल टंगस्टन बॅलन्सचा, म्हणजे ३२०० केल्विनच्या पिवळसर बल्बखाली त्याला पांढरं ते पांढरं दिसतं (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड नारिंगी, मोठा तितका निळसर). घरातला वॉर्म बल्ब २७००-३००० च्या आसपास, म्हणजे जवळपास तेवढाच. आणि बाहेर? २०१५ पासून देशभर जुने सोडियमचे दिवे काढून एलईडी बसवायची मोहीम सुरू झाली, आपल्याकडेही आता बहुतेक खांबांवर पांढरे एलईडीच दिसतात, आणि त्यांचा उजेड ५०००-६००० केल्विनचा असला तर या रोलवर तो सरळ निळा उतरतो. मग होतं काय की घराचा दरवाजा, बाल्कांवातली, म्हणजे दारापुढच्या ओट्यावरची, खुर्ची हे सगळं आपल्या खऱ्या रंगात, किंचित उबदार, आणि त्याच्या भोवतीचा रस्ता, भिंत, पार्क केलेली स्कूटर निळ्यात बुडालेली. फोटोशॉप नाही, प्रीसेट नाही. मोबाईल हे आपणहून करणार नाही कारण तो दोन्ही उजेड ओढून-ताणून एकसारखे करायला बघतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला पणजीतल्या माळा या भागात मिळालं, पाऊस नुकताच ओसरलेला, रस्ता ओला. एका जुन्या घराला शिंपल्यांच्या खिडक्या होत्या, म्हणजे काचेच्या जागी लाकडी चौकटींत पातळ शिंपले बसवलेले असतात त्या. दिवसा त्या मळकट पांढऱ्या दिसतात, कोण बघत पण नाही. रात्री आत बल्ब लागला की प्रत्येक शिंपला वेगळा पेटतो, कुठे दुधी, कुठे मधासारखा, एखादा तुटलेला आणि तिथं पुठ्ठा लावलेला, तो काळा. मी ट्रायपॉड लावत होतो तेवढ्यात बाल्कांवातून आवाज, "कित्याक रे फोटो काडटा? आमच्या घरांत कितें आसा?" म्हटलं, "आंटी, खिडकेचो उजवाड बरो दिसता", म्हणजे खिडकीचा उजेड छान दिसतो. तिला एवढं बरं वाटलं की "राव मरे, भितरली व्हडली लायट लायतां" (थांब रे, आतली मोठी लाईट लावते) म्हणत आत गेली आणि पांढरी एलईडी ट्यूब लावली, झालं, सगळी खिडकी रस्त्याच्याच रंगाची. आता सांगणार कसं. दोन फ्रेम त्या ट्यूबवर काढल्या, थँक्यू म्हटलं, मग हळूच विचारलं की पहिलाच बल्ब ठेवला तर चालेल का. स्कॅन आले तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून बघितले, ट्यूबवाली खिडकी निळी-हिरवट, हॉस्पिटलच्या वॉर्डातली वाटेल अशी, आणि बल्बवाली बघून घरी सगळ्यांनी विचारलं हे कुणाचं घर. रोल तोच, लेन्स तीच, जागा तीच.

जुने सोडियमचे दिवे अजून जिथं शिल्लक आहेत, आतल्या वाड्यांवर, एखाद्या कंपाऊंडमध्ये, तिथं मात्र हा रोल नेऊ नका असंच सांगेन. हाय प्रेशर सोडियम २००० केल्विनच्या जवळपास असतो, म्हणजे टंगस्टन रोललासुद्धा तो नारिंगीच दिसतो, आणि खरी अडचण केल्विनची नाहीच, त्या उजेडात निळा भागच जेमतेम असतो. पणजीतल्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीतली निळी भिंत सोडियमखाली बघा, चिखलासारखी काळपट दिसते, कारण भिंतीनं परत पाठवायला निळं आलेलंच नसतं. मग स्कॅनमध्ये कितीही स्लायडर ओढा, तो रंग निगेटिव्हवर नाहीच, नुसता ग्रेन, म्हणजे फिल्मचा दाणेदारपणा, वर येतो. अशा गल्लीत इलफोर्ड एचपी५ हा ब्लॅक अँड व्हाईट रोल टाका, १६०० ला पुश करा (म्हणजे १६०० स्पीडचा धरून काढा आणि लॅबला जास्त वेळ धुवायला सांगा), ब्लॅक अँड व्हाईटमध्ये सोडियम झकास दिसतो आणि पैसे पण वाचतात. डेलाईट रोल, म्हणजे दिवसाच्या उजेडासाठी बनवलेले पोर्ट्रा ८०० वगैरे, घरातल्या बल्बखाली पिवळे-नारिंगी होतात, काहींना तेच आवडतं, मला बाल्कांवात कावीळ झाल्यासारखी वाटते.

एक्स्पोजर. माझा कॅमेरा निकॉन एफएम२, लेन्स ५० एमएम एफ/१.८. खांबाच्या बरोबर खाली, चांगल्या एलईडीच्या उजेडात एफ/२ ला १/६० सेकंद मिळतो, म्हणजे हातात धरून जमतं. दोन खांबांच्या मधे मात्र तीन स्टॉप खाली जावं लागतं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), एफ/२ ला १/८, आणि घराचा दरवाजा, पायऱ्या, रस्ता सगळं शार्प हवं म्हणून एफ/८ ला गेलात तर दोन सेकंद. एफएम२ चा शटर एक सेकंदापर्यंतच, पुढे बल्ब मोड (बटण दाबून ठेवाल तेवढा वेळ शटर उघडा) आणि केबल रिलीज, मनात आकडे मोजायचे, काही बिघडत नाही. मीटर दिव्याकडे बघून फसतो आणि सगळं काळं करून ठेवतो, त्यामुळे दिव्याखालच्या भिंतीजवळ जाऊन तिथलं रीडिंग घ्यायचं आणि मग मागे यायचं. बॉक्सवर ८०० लिहिलंय ते टंगस्टन उजेडासाठी, पांढऱ्या एलईडीत मी ५०० किंवा ४०० च धरतो, कारण निळ्या उजेडात लाल थराला कमी पडतं आणि सावल्या शेवाळल्यासारख्या हिरव्या होतात. निगेटिव्ह आहे, जास्त उजेड सोसतो, कमी अजिबात नाही. ८५ चा नारिंगी फिल्टर लावून निळा मारायचा सल्ला बरेच जण देतात, तो दिवसासाठी ठीक आहे, रात्री लावायचा तर मग हा रोल घेतलाच कशाला.

लॅबचं दुखणं वेगळंच. गोव्याबाहेरच्या एका लॅबला रोल पाठवला होता, नाव घेत नाही, त्यांनी धुतला नीट पण स्कॅन करताना मशीननं ऑटो करेक्शन मारून सगळा निळा काढून टाकला, रस्ता राखाडी, खिडकी पिवळीजर्द, म्हणजे ज्याच्यासाठी एवढे पैसे घातले तेच गायब. निगेटिव्ह शाबूत होतं म्हणून परत स्कॅन करून घेतलं, पण दोनदा पैसे गेले. तेव्हापासून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून पाठवतो, कलर करेक्शन नको, फ्लॅट स्कॅन द्या, रात्रीचे फोटो आहेत.

फोंतेन्यासबद्दल एक सांगायलाच हवं. तिथं घरांवर फोटो काढू नका असे बोर्ड लावलेत ते शोभेला नाहीत, लोक राहतात तिथं, आणि प्री-वेडिंगवाल्यांनी त्यांच्या पायऱ्या म्हणजे स्टुडिओ करून टाकलाय. रात्री दहा वाजता कुणाच्या खिडकीसमोर ट्रायपॉड उभा केला तर तो माणूस बाहेर येऊन विचारणारच, मी असतो तर मीही विचारलं असतं. त्यापेक्षा फोंड्याच्या आतल्या गल्ल्या, म्हापशात खोर्ली, मडगावात बोर्डा, दिवाडी बेटावरचे वाडे, तिथं शांतपणे काम होतं, आणि विचारलं तर नाही म्हणणारे फार थोडे. माणसं झोपायच्या आत जा, कारण नंतर बल्ब बंद होतात आणि उरतो नुसता एलईडी. दुसरी चांगली वेळ पहाटेची, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजायला लागतो, रस्त्याचे दिवे अजून चालू असतात आणि स्वयंपाकघरांत उजेड यायला लागतो. कुत्र्यांचं मात्र बघा बाबा, आमच्याकडच्या कुत्र्यांना ट्रायपॉड म्हणजे काठी वाटते.

किंमत. एका रोलच्या पैशात घरचे चौघे आरामात फिश थाळी जेवून येतील, आणि वर धुणं-स्कॅनिंग आहेच, म्हणजे ३६ फ्रेममधली प्रत्येक दाबताना हात थरथरतो. मला वाटतं त्यातच थोडा फायदा पण आहे, डिजिटलवर मी एका गल्लीत शंभर फोटो काढून घरी येतो आणि एकही धड बघत नाही. पण ज्यांना नुसता तो निळा-पिवळा रंग हवा आहे आणि हातात डिजिटल कॅमेरा आहे, त्यांनी व्हाईट बॅलन्स ३२०० वर लॉक करून रात्री फिरून या आधी. रंगाचा निम्म्याहून जास्त खेळ तिथंच समजतो. वलय येणार नाही, ग्रेन येणार नाही, त्याची हौस असेल तर मग रोल.

आपल्या हवेत सांभाळायचं कसं हे पॅकवर लिहिलेलं नसतं. पावसाळ्यात झिपच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये, आणि वापरायच्या दोन-तीन तास आधी बाहेर काढून पिशवी न उघडता तशीच ठेवायची, नाहीतर गार रोलवर लगेच दव धरतं. फोटो काढून झालेला रोल कॅमेऱ्यात महिनोन्‌महिने पडू देऊ नका. दाबोळीला किंवा मोपाला विमानात नेणार असाल तर चेक-इन बॅगेत कधीच टाकायचा नाही, हातात ठेवून हातानंच तपासा म्हणून विनंती करायची, ८०० स्पीडचा आहे आणि नवीन सीटी स्कॅनर तर फिल्मचं चांगलंच नुकसान करतात. मी हल्ली कोकण रेल्वेनं मुंबईला जाणारं कुणी ओळखीचं गाठतो आणि त्याच्याच हाती देतो, बदल्यात चोडणचे काजू, आणि आतापर्यंत कुणी नाही म्हटलेलं नाही.