आठ महिने 'फेसलिफ्ट' ऐकल्यावर

अ‍ॅलिस इन चेन्स या सिअ‍ॅटलच्या रॉक बँडचा 'फेसलिफ्ट' हा पहिला अल्बम मी घेतला तो 'मॅन इन द बॉक्स' या एका गाण्यापायी. टॉक बॉक्समधून (गिटारचा आवाज नळीने वादकाच्या तोंडात नेणारं यंत्र) गिटार माणसासारखी कण्हते, खाली बेस आणि ड्रम एकाच जागी घाव घालत राहतात, आणि त्यावर गायक लेन स्टेलीचा आवाज चढत जातो. महिनाभर तेवढंच वाजवलं. बाकीची अकरा गाणी जड, एकसारखी वाटली. दोनदा तर सीडी अर्ध्यातच काढून ठेवली.

मत फिरलं ते सहाव्या गाण्यामुळे. 'लव्ह, हेट, लव्ह' सहा मिनिटांच्या वर आहे, घाईत ऐकलं तर रटाळ वाटेल. एका रात्री दिवा मालवून, हेडफोन लावून पहिल्यापासून ऐकत बसलो. स्टेली सुरुवातीला जवळजवळ स्वतःशीच बोलतो, गिटारिस्ट जेरी कँट्रेलची गिटार मागे संथ फिरत असते. शेवटाकडे मात्र तो असा टाहो फोडतो की अंगावर सर्रकन काटा आला. अजूनही येतो. रेकॉर्डिंगच्या वेळी तो अवघा 22 वर्षांचा होता!

तेव्हापासून मी हा अल्बम सलगच ऐकतो. 'वी डाय यंग' जेमतेम अडीच मिनिटांचं आहे, पण सुरुवात याहून नेमकी होऊच शकत नाही. कँट्रेलला हे गाणं सुचलं ते बसमध्ये दहा-अकरा वर्षांची पोरं पेजर घेऊन ड्रग्ज विकताना पाहून. हे कळल्यावर त्यातली घिसाडघाई वेगळीच ऐकू येते.

ड्रमबद्दल सांगायलाच हवं. रेकॉर्डिंगच्या तोंडावर बँडचा ड्रमर शॉन किनीचा हात मोडला होता, दुसरा ड्रमर उभा करायची तयारीही झाली होती. गड्याने प्लास्टर कापून काढलं, बर्फाची बादली शेजारी ठेवली आणि मोडक्या हातानेच वाजवलं. 'इट एन्ट लाइक दॅट' ऐकताना प्रत्येक ठोक्याला मला ती बादली दिसते.

खटकलेलंही लिहितो. 'आय नो समथिन' मधला फंकी ठेका या अल्बममध्ये उपरा वाटतो, आठ महिन्यांनीही मला तो पचलेला नाही. शेवटची तीन-चार गाणी थोडी रेंगाळतात, 'रिअल थिंग' तेवढं सावरून घेतं. आणि मोबाइलच्या स्पीकरवर कृपया ऐकू नका. माइक स्टारचा बेस पार गायब होतो, मग उरतं काय?

लोक सिअ‍ॅटलच्या या ग्रंज रॉकच्या लाटेची सुरुवात निर्व्हाना बँडच्या 'नेव्हरमाइंड' अल्बमपासून मोजतात. तो आला 24 सप्टेंबर 1991 ला, 'फेसलिफ्ट'ला गोल्ड सर्टिफिकेट (अमेरिकेत पाच लाख प्रतींसाठी मिळणारं) त्याच्या आधी, 11 सप्टेंबरलाच मिळालं होतं. हे श्रेय या चौघांना मिळायलाच हवं.

अल्बम सिअ‍ॅटलच्याच मदर लव्ह बोन बँडचा गायक अँड्र्यू वुडला अर्पण केलेला आहे. हेरॉइनने तो मार्च 1990 मध्ये गेला. ड्रग्जच्याच वाटेने 2002 मध्ये स्टेली गेला, 2011 मध्ये माइक स्टारही. ती अर्पणपत्रिका वाचली की मला लगेच पुढचं गाणं लावता येत नाही.

नव्याने घेणार असाल तर शफल बंद ठेवा, आणि पहिली सहा गाणी एका बैठकीत ऐका.