रशियन ट्रामचं लाकडी किट, पाचपैकी साडेतीन

भाचा रशियात एमबीबीएसला आहे, सुट्टीत जळगावला आला तेव्हा चॉकलेटऐवजी हे किट घेऊन आला. लेझरने कापलेले प्लायचे पार्ट, गोंद न लावता एकमेकांत अडकवायचे. ट्राम आहे प्यातिगोर्स्कची, कॉकेशसमधलं झऱ्यांचं गाव, म्हणजे आपलं गरम पाण्याच्या झऱ्याचं उनपदेवच समजा, फक्त तिकडे लोक ते पाणी औषध म्हणून पितात पण आणि मुक्काम ठोकून त्यात डुंबतात पण.

आता किटचं बोलू. चाकांची भोकं इतकी टाईट की पॉलिश पेपर मारून मेणबत्ती घासली तेव्हा कुठे फिरायला लागली. छतावरची दांडी, तारेतून करंट घेणारी, ती बसवतानाच कटकन मोडली, फेविकॉल लावून रात्रभर चिमट्यात धरून ठेवली. बरं सगळ्या सूचना रशियनमध्ये, भाचा नसता तर डबा तसाच माळ्यावर गेला असता.

पण सोबतचा इतिहासाचा कागद भाच्याने वाचून दाखवला तिथे मजा आली भो. ही ट्राम 1903 ला सुरू झाली, मुंबईत तेव्हा घोडेच ट्राम ओढत होते, विजेची यायला 1907 उजाडलं. आणि वीज कुठली, तर पोडकुमोक नदीच्या पाण्यावरची! त्या वीजघराचं नाव बेली उगोल, म्हणजे पांढरा कोळसा. आपल्या भुसावळजवळच्या दीपनगर वीजघरातली कोळशाची राख ज्यांनी बघितलीय त्यांना हे नाव जास्त कळेल.

आमचे अण्णा भुसावळला रेल्वेत होते, त्यांनी चष्मा लावून पहिला प्रश्न काय विचारला, "गेज किती?" म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. 1 मीटर म्हटल्यावर एकदम खुश, "अरे म्हणजे मीटरगेज! आपली पीजे, पाचोरा-जामनेर गाडी, याच्याहून बारीक, अडीच फुटी." मग तिच्या गोष्टी सुरू झाल्या त्या जेवणापर्यंत, भरीत गार झालं तरी माणूस उठेना. प्यातिगोर्स्कची ट्राम अजून चालू आहे, भाचा बसलाय तिच्यात, हे ऐकून तर त्यांनी बंद पडलेल्या पीजेच्या नावाने मोठा उसासा टाकला.

दीड मार्क कापला तो चाकं आणि दांडीचा. लहान पोरांच्या हातात देऊ नका, आणि घेतलंच तर दांडी सगळ्यात शेवटी बसवा.