सिंगल ओनर, रनिंग ५४ हजार

ज्या यार्डातून मी जुनी गाडी घेतली, त्याची जाहिरात परवा पुन्हा दिसली. पोलो जीटी टीएसआय, सिंगल ओनर, रनिंग ५२ हजार, आणि खाली तेच वाक्य: ‘लॉकडाऊनमध्ये गाडी उभीच होती.’ ऑक्टोबर २०२३ मध्ये मी या वाक्यावर विश्वास ठेवून सहा लाख वीस हजार मोजले होते. दुसरं कुणी मोजू नये म्हणून हे लिहितोय. प्रकरण ग्राहक आयोगात चालू आहे, त्यामुळे यार्डाचं नाव देत नाही.

जीटीवर जीव का जडतो हे ज्यांनी ती चालवली आहे त्यांना सांगायला नको. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पंधराशे आरपीएमलाच १७५ न्यूटन मीटर टॉर्क मिळतो, त्यामुळे घाटात ओव्हरटेक करताना गाडी मागे रेंगाळत नाही. शिवाय गाडी आपल्या चाकणची. २०२२ मध्ये पोलो बंद झाली आणि नीट ठेवलेल्या जीटींचे भाव चढले. भाव चढल्यावर थकलेल्या गाड्याही पॉलिश मारून बाजारात आल्या. त्यातलीच एक माझ्या वाट्याला आली.

२०१६ चं मॉडेल. एजंट म्हणाला, “दादा, डॉक्टरांची गाडी आहे. घर ते हॉस्पिटल, बस्स.” आरसीवर खरंच एकच नाव होतं. कंपनीच्या सर्व्हिसची बिलं नोव्हेंबर २०१९ पर्यंतची होती, शेवटच्या बिलावर ४३ हजार किलोमीटर. पुढची बिलं कुठे, विचारलं तर लॉकडाऊनचं उत्तर आलं. ४३ वरून ५४, हिशोब पटला. मी सकाळी नऊला पोचलो तेव्हा बॉनेट गरम होतं. “धुवून आणली,” असं तो म्हणाला आणि मी पुढे विचारलं नाही. ट्रायल सर्व्हिस रोडवर, रिकाम्या रस्त्यावर, जेमतेम सहा किलोमीटर. थंड इंजिन आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमधलं रांगतं ट्रॅफिक, म्हणजे ड्राय (तेलात न बुडणाऱ्या) क्लचचा डीएसजी जिथे खरं बोलतो, त्या दोन्ही गोष्टी त्याने मला बघूच दिल्या नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात आईला घेऊन साताऱ्याला निघालो. खंबाटकीच्या चढावर डिस्प्लेवरचा गिअर लुकलुकायला लागला आणि ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढेना. मागे ट्रक, शेजारी आई, आणि गाडी चढावर मधोमध. हॅझर्ड लावून कशीबशी कडेला घेतली. इंजिन बंद करून चालू केलं की दोनशे मीटर जायची, पुन्हा तेच. शेवटी क्रेन बोलावली.

भोसरीचे आमचे एक मिस्त्री आहेत, फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांवर वीस वर्षं हात बसलेला. त्यांनी लॅपटॉप जोडला. गिअरबॉक्समध्ये पी१७बीएफ हा फॉल्ट कोड. म्हणजे मेकॅट्रॉनिकमधला (तेलाच्या दाबावर गिअर आणि क्लच हलवणारं युनिट) तेलाचा दाब टिकत नाही, पंप सतत धावतो आणि स्वतःला वाचवायला बंद पडतो. या गिअरबॉक्समध्ये प्रेशर ॲक्युम्युलेटरच्या (तेलाचा दाब साठवणाऱ्या डब्याच्या) जागी मेकॅट्रॉनिकच्या हाउसिंगला तडा जातो, हा जुनाच आजार. मग त्यांनी बाकीची मॉड्यूल्स, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, एकेक उघडली आणि ब्रेकच्या एबीएसवर थांबले. स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाले, “हे वाच.” मागच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर, अधूनमधून येणारा फॉल्ट. आणि त्याच्या खाली, फॉल्ट नोंदला गेला तेव्हाचं रनिंग: १,१२,४३० किलोमीटर. मीटरवर त्या दिवशी ५५ हजार होते.

स्वस्तातला स्कॅनर बहुतेक वेळा इंजिन-गिअरबॉक्सपुरताच चालतो. विकणाऱ्याने मीटर मागे घेतलं, त्या स्कॅनरने कोड पुसले आणि निवांत झाला. एबीएस, एअरबॅग, दारं यांच्या मॉड्यूल्समध्ये ज्या नोंदी होत्या त्या तशाच राहिल्या. दाराच्या एका मॉड्यूलमध्ये ९६ हजारांचीही नोंद निघाली.

आरसीवरच्या डॉक्टरांना मी तेव्हा पहिल्यांदा फोन केला. हा फोन टोकन देण्याआधी करायचा असतो. त्यांनी गाडी २०१९ च्या शेवटीच विकली होती. घेणाऱ्याने आरसी नावावर केलीच नाही, चार वर्षं तशीच पळवली. आरसी ट्रान्सफरसाठी एजंटने ओटीपी मागितला तेव्हा ‘सुटलो एकदाचा’ म्हणून डॉक्टरांनी तो दिला. कागदावर सिंगल ओनर, आणि मधला माणूस कुठेच नाही. त्याने गाडी रीमॅप केली होती का, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवली होती का, हेही आता कळायचा मार्ग नाही. रीमॅप करणं हा गुन्हा नाही, हा गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरपर्यंत टॉर्क पेलतो. पण क्लचने किती सोसलंय हे घेणाऱ्याला कळायला हवं.

तुम्ही अशी गाडी बघायला जाल तेव्हा आदल्या दिवशीच सांगा की इंजिन थंड हवं, आणि गरम सापडलं तर परत या. ड्रायव्हरचं दार उघडताच पुढून, बॉनेटखालून बारीक ‘गूंऽ’ आवाज येतो, तो मेकॅट्रॉनिकचा पंप. तेवढ्यावर थांबला तर ठीक, दर काही सेकंदांनी पुन्हा वाजत राहिला तर दाब गळतोय. स्कॅनर स्वतःचा किंवा आपल्या मिस्त्रींचा न्या आणि सगळी मॉड्यूल्स वाचा. इंजिनच्या ‘रेडिनेस’ चाचण्या (गाडी स्वतःच घेते त्या तपासण्या) अपूर्ण दिसल्या तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलीय, कारण विचारा. विम्याची मागची पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस शून्य असेल तर क्लेम झालाय किंवा पॉलिसी खंडित झाली होती, दोन्हीचं उत्तर हवंच. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. ते दाखवा म्हटल्यावर जो विषय बदलतो, त्याच्याकडे चहासुद्धा घेऊ नका.

शोरूमने मेकॅट्रॉनिकचं एक लाख नव्वद हजारांचं एस्टिमेट दिलं. मिस्त्रींनी हाउसिंग दुरुस्त करून ५८ हजारांत गाडी उभी केली, क्लच अजून व्हायचाय. यार्ड आधी म्हणालं, “आम्ही फक्त मध्यस्थ.” पण पैसे त्यांच्याच खात्यात गेले होते, आणि डिलिव्हरीच्या पावतीवर माझ्या हट्टापायी त्यांनी शिक्क्यासह लिहून दिलं होतं: ‘रनिंग ५४,२१२.’ वकिलाची नोटीस गेल्यावर साठ हजार देऊ केले, अट एकच, पुढे तक्रार नाही असं लिहून द्यायचं. मी सही केली नाही. दोन वर्षांची मुदत संपायच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली, सोबत स्कॅनची प्रिंट आणि ती पावती जोडली. डॉक्टरांनी प्रतिज्ञापत्र द्यायचं कबूल केलंय. पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे.