बर्फ बघायला कुठे जायचं: गुलमर्ग, मनाली की औली?

यंदा मुलांना बर्फ दाखवायचाच असं घरात ठरलं की गाडी येऊन अडते ती याच तीन नावांवर. तिन्हीकडे मी ऐन हिवाळ्यात जाऊन आलेय, मनालीला नवऱ्यासोबत, गुलमर्गला लेक आणि सासूबाईंना घेऊन, औलीला मैत्रिणींबरोबर, आणि त्यावरून सांगते, पॅकेजचे रेट बघायच्या आधी एकच गोष्ट विचारा, आपण रात्री जिथे झोपणार तिथे बर्फ असणार आहे का? कारण सकाळी सात वाजता दार उघडल्यावर रात्रभर पडलेला कोरा बर्फ, त्यावर एकाही बुटाचा ठसा नाही, देवदारांच्या फांद्या भाराने वाकलेल्या आणि कसलाच आवाज नाही, हे टॅक्सीने जाऊन तीन तासात परत येणाऱ्याला मिळतच नाही हो.

आता मनाली. सगळ्यात सोपं आणि खिशाला परवडणारं, दिल्ली किंवा चंदीगडहून रात्रीची वोल्वो पकडली की सकाळी पोचता, हॉटेलं सगळ्या बजेटची, जेवणाचीही चिंता नाही. पण मनाली गाव साधारण २,०५० मीटरवर आहे, तिथे बर्फ पडतो पण टिकेलच असं नाही, त्यामुळे बर्फासाठी रोज गाडी करून वर जायचं, सोलांग खोऱ्यात नाहीतर अटल टनेलमधून पलीकडे सिस्सू गावाला. हा टनेल ९.०२ किलोमीटरचा, ऑक्टोबर २०२० मधे सुरू झाला आणि हिवाळ्यातल्या मनालीचं चित्रच बदललं, कारण रोहतांगचा घाट तर बर्फाने बंद असतो पण टनेलमधून बाहेर पडलात की एकदम लाहौलचं खोरं, झाडं जवळपास संपलेली, पांढरे डोंगर आणि खाली चंद्रा नदी. तो क्षण खरंच सुंदर आहे. अडचण आहे ती तिथे पोचण्याची. नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात आम्ही गेलो होतो, जाताना साडेतीन तास गाडीत, येताना अंधार पडलेला, रस्त्यावर बर्फाची काच झालेली आणि पुढची गाडी आडवी घसरलेली, मुलं असती तर रडली असती. जास्त बर्फ पडला की साध्या गाड्या सोलांगच्या अलीकडेच थांबवतात, पुढे फोर बाय फोरच जाते. आणि जानेवारी-फेब्रुवारीत लाहौलच्या गावांचे सण असतात, त्या दिवसात काही वेळा सिस्सूकडचे गावकरी पर्यटकांना येऊ नका सांगतात, त्याचा मान ठेवायचा, तारखा ठरवण्याआधी चौकशी करायची.

गुलमर्गचं वेगळं आहे. श्रीनगरपासून ५० किलोमीटरच्या आसपास, उंची साधारण २,६५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६) हजार मीटर वर, आणि बर्फ गावातच, हॉटेलच्या पायरीपर्यंत. पण आपल्याकडचे बहुतेक टूर हे एका दिवसात उरकतात, सकाळी श्रीनगरहून निघायचं, वाटेत तंगमर्गला गमबूट आणि कोट भाड्याने घ्यायचे, बर्फ जास्त असेल तर तिथूनच चाकांना साखळ्या लावलेली गाडी करायची, अकराला वर, चारला खाली. माझं म्हणणं, इथे एक तरी रात्र राहाच, महाग पडते, श्रीनगरच्या हॉटेलपेक्षा बरीच महाग, तरी राहा. चार वाजता गाड्या गेल्या की ते मैदान तुमचंच असतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या कुठेही चढल्या नाहीत, खोलीत बुखारी म्हणजे तिथल्या शेगडीजवळ कहवा (काश्मिरी चहा) घेऊन खिडकीतून पडणारा बर्फ बघत बसल्या, आणि घरी आल्यावर पूर्ण ट्रिपमधलं त्यांना हेच आठवतं.

गोंडोला म्हणजे तिथली केबल कार, तिच्याबद्दल नीट वाचा कारण गडबड इथेच होते. दोन टप्पे आहेत, पहिला गुलमर्ग ते कोंगडोरी, दुसरा कोंगडोरी ते अफरवट डोंगर, तो जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तिकिटं ऑनलाइन आणि सीझनमधे फार आधी संपतात, तेव्हा विमानाच्या तिकिटाबरोबरच याचंही बघा. दुसरा टप्पा वारा किंवा हवा बिघडली की बंद ठेवतात, त्यामुळे एकच दिवस हातात असेल तर नशिबावर, दोन दिवस असतील तर बरीच आशा. लहान मूल किंवा दम्याचा त्रास असलेलं कोणी सोबत असेल तर पहिला टप्पा भरपूर झाला, तिथेही गुडघाभर बर्फ असतो. वर गेलात तर आखून दिलेल्या भागाबाहेर पाऊल टाकू नका, अफरवटच्या उतारांवर हिमस्खलन होतं, माणसं गेली आहेत.

काश्मीर म्हटलं की सुरक्षेचा प्रश्न येणारच. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यात डोंबिवली, पनवेल, पुण्याची माणसं गेली, ते कोणी विसरलेलं नाहीये. घरात कोणाच्या मनात भीती असेल तर जबरदस्ती करू नका, मनाली आणि औली आहेत ना. जाणार असाल तर आणखी एक, आपलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, निदान एक पोस्टपेड सोबत हवंच.

उत्तराखंडातलं औली माझं सगळ्यात लाडकं, आणि तरीही सगळ्यांना सांगवत नाही. हरिद्वारपासून जोशीमठापर्यंत पूर्ण दिवस घाटातला रस्ता, वाटेत देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग अशी एकेक नदी अलकनंदेला भेटत जाते, उलटीचा त्रास असेल तर फार जड जातं. जोशीमठाची जमीन खचायला लागल्यावर जानेवारी २०२३ मधे तिथून औलीला जाणारा मोठा रोपवे बंद झाला, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून रोपवेच्या भरवशावर बेत करू नका, गाडीनेच वर जायचं, आणि मोठा बर्फ पडला की शेवटचा भाग चालावाही लागतो. बर्फाचीही खात्री गुलमर्गइतकी नाही, काही वर्षी जानेवारी अर्धा होईपर्यंत उतार कोरडे असतात. (तसं २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गही उघडंबोडकं होतं, तेव्हा शंभर टक्के कुठेच धरू नका.)

पण डोंगर! गुलमर्गला बर्फ आहे, मनालीला सोय आहे, डोंगर मात्र औलीचे. समोर नंदादेवी, ७,८१६ मीटर, एका बाजूला द्रोणागिरी, आणि सकाळी पहिलं ऊन शिखरावर पडतं तेव्हा आधी गुलाबी मग केशरी मग लख्ख पांढरं होईपर्यंत आम्ही चौघी शाली गुंडाळून नुसत्या उभ्या होतो, कोणी मोबाइलसुद्धा काढला नाही. तिथून गोरसों बुग्यालपर्यंत (बुग्याल म्हणजे डोंगरावरचं कुरण) चालत जाता येतं, तीनेक किलोमीटर, बर्फात पाय रुतत जातात म्हणून गाइड आणि पायाला गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर चढवायचं आवरण) हवेत. स्कीइंग खरोखर शिकायचं असेल तर गढवाल मंडळ या सरकारी पर्यटन संस्थेचे ७ आणि १४ दिवसांचे कोर्स इथे असतात, उतारही नवख्यांना बरे. आणि बद्रीनाथ हिवाळ्यात बंद असलं तरी पूजा जोशीमठच्या नृसिंह मंदिरात चालू असते, घरच्या मोठ्यांना त्याचं समाधान वाटतं.

तर पाच-सहा वर्षांचं मूल आणि आजी-आजोबा सोबत असतील तर गुलमर्ग, श्रीनगरला थेट विमान, एक रात्र वर. बजेट कमी असेल किंवा सुट्टी चारच दिवस असेल तर मनाली, पण डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा आणि शक्य झालं तर एक मुक्काम सोलांगच्या बाजूला करा. पाय धड असलेले, चालायची आवड असलेले असाल तर डोळे मिटून औली. तारीख कुठलीही जागा धरली तरी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी मध्य हीच बरी, शाळेची अडचण असते मान्य आहे, पण नाताळात जाऊन मातकट उतार बघण्यापेक्षा मुलांचे चार दिवस बुडालेले चालतील असं मला वाटतं.

कपड्यांचं थोडक्यात, भाड्याचे कोट आणि गमबूट घ्या पण हातमोजे स्वतःचे वॉटरप्रूफच न्या, लोकरीचे दहा मिनिटात भिजतात आणि मग मूल परत खोलीत चला म्हणतं. गॉगल मुलांनाही हवा. आणि मोबाइल आतल्या खिशात अंगाशी ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते, नेमका बर्फ पडायला लागतो तेव्हा बंद पडलेला असतो.