बॉक्स्टरचं आयएमएस बेअरिंग आणि क्लच घरीच बदलला: नऊ महिन्यांनंतर

गाडी २००२ची पोर्श बॉक्स्टर एस, ३.२ लिटर, ८१,००० मैल. मुक्काम न्यू जर्सी, गराज एका गाडीपुरतं. चढावर पाचव्यात पाय दाबला की आरपीएमचा काटा वर पळायचा आणि गाडी मात्र आपल्याच तालात. क्लच प्लेट संपली होती.

या इंजिनाची दुखरी नस बॉक्स्टरवाल्यांना पाठ असते. क्रँककडून कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) चेनपर्यंत फिरणं पोचवणारा एक मधला शाफ्ट आहे, इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणजेच आयएमएस; त्याच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग. सील म्हातारं झालं की इंजिन ऑइल आत झिरपून ग्रीस धुऊन नेतं, पण पुरेसं ताजं ऑइल छर्ऱ्यांना मिळत नाही. बेअरिंग फुटलं की टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, हुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, इंजिन भंगारात. ते फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या) मागे असतं, म्हणून क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवला की तेही उरकून घ्यायचं.

तीन वीकेंड गेले. नटबोल्ट खोलणं सोपं. सहा गिअरचा तो डबा छातीवर न पाडता खाली घेणं अवघड. शेजाऱ्याचा ट्रान्समिशन जॅक मिळाला म्हणून निभावलं. खरी धाकधूक टायमिंगची. सीटमागचा गालिचा आणि पत्रा काढून पुलीत पिन घातली, कॅम लॉक केला, चेन ताणून धरणारे तिन्ही टेन्शनर ढिले केले आणि मगच बेअरिंगच्या कव्हरला पाना लावला. इथे घाई केली तर शाफ्ट चेनच्या ओढीने एका बाजूला कलतो.  सिरॅमिक छर्ऱ्यांचं नवं बेअरिंग आकसावं म्हणून रात्रभर फ्रीझरमध्ये होतं, मटारच्या पिशवीशेजारी. त्यावर घरात जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

जुनं बेअरिंग बोटांत धरून फिरवलं. ना खरखर, ना खेळ. ग्रीस पातळ झालेलं, पण छर्रे आरशासारखे. म्हणजे इतका खटाटोप भीतीपोटीच. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही.

आता ५,२०० मैल झालेत. रोज जाणवतो तो क्लचच. पेडल निम्म्या जोराने दाबलं जातं, पकड मधोमध येते. पहिले दोन आठवडे रिव्हर्समध्ये थरथर होती, ती आपोआप गेली. फ्लायव्हीलमध्ये मात्र कंजूषपणा नडला. ड्युअल मास, म्हणजे मध्ये स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं; हाताने पिळून पाहिलं, खेळ मर्यादेत वाटला, म्हणून नऊ नवे बोल्ट घालून जुनंच परत बसवलं. आता गाडी गरम झाली की न्यूट्रलला गुरगुरते. क्लच दाबला की गप्प. तेव्हाच बदलायला हवं होतं.

बेअरिंगचं काय? ते काही बोलत नाही, त्यामुळे दर ऑइल बदलाला फिल्टरचा कागद कापून, घड्या उलगडून उन्हात बघतो, चुंबक फिरवतो. परवा दोन काळे कण निघाले, नखाने दाबले तर प्लास्टिक. चेन ज्यांवरून सरकते त्या पट्ट्यांचे. लोखंडाचा चुरा शून्य. आणि क्रँकच्या मागचं ऑइल सील मी जरा तिरकं ठोकलं असावं, कारण गाडीखालच्या पुठ्ठ्यावर आठवड्याला रुपयाएवढा एक डाग पडतो. त्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणार नाही. फ्लायव्हील घेईन तेव्हा बघू.